वेळेच्या मापाचे पुस्तक : नव्याने वाचू लागणाऱ्यांसाठी

आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर मी रोज संध्याकाळी दोन तास बसतो. नव्याने सभासद झालेली व्यक्ती तिथे बहुधा एकच मागणी करते : "सर, एखादं चांगलं पुस्तक द्या, जाड असलं तरी चालेल." मग ती सहा-सातशे पानांची ऐतिहासिक कादंबरी घेऊन जाते, मुदत उलटून गेल्यावर परत आणते आणि वेळच मिळाला नाही, असे खजील होऊन सांगते. अशा पुस्तकाची बाहेरची कड जरा निरखून पाहिली, तर पुढचे काही विचारावे लागत नाही. पहिल्या चाळीस-पन्नास पानांची कड बोटे लागून मळलेली असते आणि त्यापुढची पाने छापखान्यातून आली तशीच कोरी असतात. म्हणजे एक नव्हे, पाच-सहा वाचक जवळपास एकाच ठिकाणी थांबलेले असतात.

हे सगळे आळशी होते, असे मला वाटत नाही. त्यांच्याजवळ दिवसातून पंधरा-वीस मिनिटांचा तुकडा होता आणि हाती घेतलेले पुस्तक एका बैठकीत किमान तासभर मागणारे होते. कापड कमी आणि अंगरखा मोठा, असा तो प्रकार झाला. म्हणून वेळ कसा काढावा, याच्या अगोदर आपल्याजवळ असलेल्या वेळेच्या मापाचे पुस्तक कसे निवडावे, हे शिकून घेणे मला अधिक उपयोगाचे वाटते. माप जुळू लागले की नवे साहित्यप्रकारही ओघाने हाती येतात, कारण पंधरा मिनिटांच्या तुकड्यात जे मावते ते सहसा आपल्या नेहमीच्या सवयीचे नसते.

आधी घरच्यांना सांगावे

मराठवाड्यात वाचन या शब्दाला अभ्यासाचा वास आहे. लातूर पॅटर्न हे नाव राज्यभर गेले ते परीक्षेच्या निकालांमुळे, आणि आज आपल्याकडच्या अनेक वाचनालयांत सर्वांत गजबजलेली खोली अभ्यासिकेची असते. तलाठी भरती, पोलीस भरती आणि राज्यसेवेची पुस्तके घेऊन मुले-मुली तिथे पहाटेपासून बसलेली असतात. त्यांच्या चिकाटीविषयी मला आदर आहे. पण त्याच वातावरणात एखादा चाळिशीतला माणूस कथासंग्रह उघडून बसला, तर कोणीतरी हमखास विचारते, "काय सर, कोणत्या परीक्षेची तयारी?" आणि कोणत्याच नाही, असे सांगताना त्याला उगाच ओशाळल्यासारखे होते. घरीही तेच घडते. पाठ्यपुस्तक हाती असलेल्या लेकराला कोणी उठवत नाही, मात्र कादंबरी हाती असलेल्या सुनेला "रिकामीच आहेस तर जरा इकडे ये" अशी हाक येते.

वाचनालये पूर्वीपासून अशी नव्हती. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच होते, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त होईपर्यंत गावातले मराठी वाचनालय ही मराठी वर्तमानपत्रे आणि मासिके वाचण्याची, त्यांवर चार माणसांत बोलण्याची जागा होती. तिथे गुण मिळवण्यासाठी कोणी जात नव्हते. हे आठवले की कथेचे पुस्तक उघडताना वाटणारा संकोच बराचसा कमी होतो, निदान माझा तरी झाला.

तेव्हा पहिली पायरी अगदी साधी आहे. घरातल्या माणसांना स्पष्ट सांगावे की रोज अमुक वेळी, अमुक ठिकाणी मी वाचत बसणार आहे आणि ते परीक्षेसाठी नाही. हे चोरून करू नये, कारण चोरून केलेल्या वाचनात निम्मे लक्ष दाराकडे राहते.

याचा एक उत्तम नमुना आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. श्रावणात पोथी लावतात. हरिविजयाचे ३६ अध्याय, रामविजयाचे ४० आणि पांडवप्रतापाचे ६४. दिवेलागण झाली की वाचणारा हातपाय धुऊन बसतो, पोथीवरचे फडके सोडतो, कालची खूण काढतो, एक अध्याय मोठ्याने वाचतो आणि पुन्हा खूण घालून पोथी बांधून ठेवतो. वेळ, जागा, रोजचे माप आणि ऐकणारी माणसे अशा चारही गोष्टी तिथे ठरलेल्या असतात. पोथी चालू असताना वाचणाऱ्याला कोणी मधून उठवत नाही. वेळच मिळत नाही, असे म्हणणाऱ्या माझ्या एका नातलगाने सलग अकरा श्रावण पोथी वाचलेली आहे, हे मी त्याच्या लक्षात आणून दिले, तेव्हा तो हसला आणि दुसऱ्या दिवशी सभासद झाला.

आपल्या वेळेचे माप घ्यावे

दुसऱ्या पायरीसाठी सात दिवस काहीही वाचू नये. फक्त खिशात छोटी वही ठेवावी आणि आपण जिथे जिथे नुसते बसून राहतो किंवा उगाच फोन चाळतो, तिथे किती मिनिटे गेली ते लिहावे. फोनमध्येही कोणते अ‍ॅप किती वेळ वापरले याचा हिशेब सेटिंगमध्ये दिसतो, तोही पाहावा. तो आकडा पाहून अनेकांचा चेहरा उतरतो, परंतु स्वतःला दोष देत बसण्यासाठी हा हिशेब नाही. आपल्याला फक्त तुकड्यांची लांबी हवी आहे.

हे तुकडे तीन प्रकारचे निघतात. पहिला दहा मिनिटांचा असतो : बँकेतली रांग, कुकरची शिट्टी होईपर्यंतचा वेळ, शाळा सुटण्याची वाट पाहत फाटकाशी उभे राहणे. दुसरा अर्ध्या तासाचा असतो : रात्रीचे जेवण आणि झोप यांच्या मधला वेळ, किंवा तालुक्याहून जिल्ह्याला जाणाऱ्या बसचा प्रवास. तिसरा दीड-दोन तासांचा असतो आणि तो रोज मिळत नाही. परभणीहून जालन्याला रेल्वेने जाताना तो मिळतो, वैशाखातल्या दुपारी ऊन बाहेर पडू देत नाही तेव्हा मिळतो, आणि शेती असणाऱ्यांना मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात मिळतो.

मोंढ्याचे उदाहरण मी अनुभवाने देतो. सोयाबीन घेऊन गेलो होतो. सकाळी नऊला आडतीवर माल उतरला, सौदा निघायला अकरा वाजले, आणि काट्यावर आमचा नंबर येईपर्यंत दुपारचे दोन झाले. पूर्वी हा वेळ चहा पिण्यात आणि भाव पडल्याची चर्चा करण्यात जायचा, आणि चर्चेने भाव कधी वाढल्याचे मला आठवत नाही. त्या दिवशी पिशवीत मागच्या वर्षीचा दिवाळी अंक होता. पोत्यांच्या थप्पीला पाठ टेकून मी दोन कथा वाचल्या. तिसरीच्या मध्यावर शेजारी बसलेल्या हमालाने विचारले, "काय लिहिलंय एवढं?" म्हणून उरलेली कथा मोठ्याने वाचली. काट्यावरून हाक आली तेव्हा कथेची दोन पाने शिल्लक होती, आणि तो म्हणाला, "थांबा की जरा, पोरीचं काय झालं तेवढं सांगा." पोती उचलता उचलता मी त्याला शेवट सांगितला. वाचून सांगितला असता तर बरे झाले असते, हे मला नंतर वाटले.

हे माप घेताना एक लक्षात ठेवावे की आपल्याकडे वेळ ऋतूप्रमाणे बदलतो. मृगाच्या पेरणीत आणि सोयाबीनच्या काढणीत अर्ध्या तासाचा तुकडासुद्धा मिळणार नाही, आणि तेव्हा तो मिळवण्याचा हट्टही धरू नये. त्या दिवसांत फक्त दहा मिनिटांचे वाचन चालू ठेवावे. रब्बीची ज्वारी उभी असते तेव्हा हात थोडे मोकळे होतात. लातूर-धाराशिवकडच्या लोकांना येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात जेवण झाल्यावर झाडाखाली जो निवांतपणा मिळतो, त्याच्याइतकी वाचायला चांगली जागा मला दुसरी माहीत नाही, मात्र आंबील पोटभर पिण्याच्या आधी वाचावे, नंतर डोळे उघडे राहत नाहीत.

तुकड्याला पुस्तक जोडावे

आता थोडे गणित करू. मध्यम आकाराच्या अक्षरांतले मराठी पुस्तकाचे एक पान घाई न करता वाचायला मला सुमारे दोन मिनिटे लागतात. नव्या वाचकाला कदाचित तीन लागतील. रोजची वीस मिनिटे धरली तर सात ते दहा पाने होतात आणि दोनशे पानांचे पुस्तक तीन ते चार आठवड्यांत संपते. सातशे पानांच्या कादंबरीला याच वेगाने दहा ते चौदा आठवडे लागतील, आणि एवढ्या काळात सुरुवातीची पात्रे कोण होती हेसुद्धा आठवत नाही. नवा वाचक कंटाळत नाही, तो विसरतो, आणि विसरला की पुन्हा पहिल्या पानाकडे जाण्याचे त्याच्या जिवावर येते. कड पहिल्या चाळीस-पन्नास पानांपुरतीच मळण्याचे कारण हेच आहे.

दहा मिनिटांच्या तुकड्यासाठी ज्याला मागचे-पुढचे धागे नसतात असे लेखन घ्यावे. कविता, अभंग, लहान ललित लेख, व्यक्तिचित्रे, पत्रे. याच मापात बसणारा एक ग्रंथ सुचवतो, जो बहुतेकांनी फक्त परीक्षेच्या प्रश्नात पाहिलेला असतो. तेराव्या शतकातले लीळाचरित्र म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींविषयीच्या आठवणी, आणि त्यांतल्या अनेक लीळा, म्हणजे प्रसंग, पाच-दहा ओळींच्या आहेत. त्यांत कोणी काय खाल्ले, कोण कोणावर रुसले, वाटेत कोण भेटले, अशा साध्या गोष्टी साध्या बोलण्यात येतात, आणि पैठणसारखी आपल्या पायाखालची गावे येतात. जुने शब्द अडतात, म्हणून अर्थ आणि टिपा दिलेली प्रतच घ्यावी आणि रोज एकापेक्षा जास्त लीळा वाचू नयेत.

अर्ध्या तासाच्या तुकड्याचा राजा म्हणजे कथा. एका बैठकीत सुरू होते आणि त्याच बैठकीत संपते, त्यामुळे झोपताना काहीतरी पुरे केल्याचे समाधान मिळते, जे नव्या वाचकाला फार लागते. आपल्या भागाचे तर हे बलस्थान आहे. परभणी जिल्ह्यातले आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि त्यातली माणसे ओळखायला आपल्याला कोणाची मदत लागत नाही. दिवाळी अंकही याच मापाचे असतात. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून चालत आलेली ही परंपरा नव्या वाचकासाठी जणू चवीचे ताट आहे : एकाच अंकात कथा, कविता, लेख, प्रवासवर्णन आणि व्यंगचित्रे. आवडेल ते वाचावे, न आवडेल ते ओलांडून पुढे जावे, आणि कोणत्या प्रकारावर आपण थांबलो ते वहीत लिहावे.

दोन तासांच्या तुकड्यासाठी कादंबरी, आत्मकथन किंवा चरित्र राखून ठेवावे. त्यातही सुरुवात लहान कादंबरीने करावी. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' ही १९७१ सालची कादंबरी खेड्यातल्या एका शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, आपल्याच बोलीत सांगितलेली आहे, आणि दोन-तीन निवांत दुपारी ती संपवता येते. बोलीतले पुस्तक वाचताना शहरातल्या वाचकाला जिथे अडखळायला होते तिथे आपण सरळ चालत जातो, हा फायदा आपण का सोडावा?

पुस्तक कुठून आणावे

विकत घेण्याची घाई करू नये. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमानुसार मान्यता मिळालेली आणि शासनाचे अनुदान घेणारी वाचनालये गावोगावी आहेत. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, आणि साधारणपणे वरच्या वर्गाच्या वाचनालयात पुस्तके जास्त असतात. सभासद होताना एक छायाचित्र, ओळखपत्राची प्रत, परत मिळणारी अनामत रक्कम आणि वर्गणी लागते. बहुतेक ठिकाणी हा खर्च एका नव्या पुस्तकाच्या किमतीपेक्षा कमी असतो. दिवाळी अंकांसाठी अनेक वाचनालये वेगळी वर्गणी घेतात, ती जरूर भरावी.

आत गेल्यावर मात्र दोन गोष्टी कराव्यात. कपाटे उघडी असतील तर स्वतः पुस्तके हाताळावीत, बंद असतील तर ग्रंथपालांना विनंती करावी, बहुधा ते नाही म्हणत नाहीत. आणि पुस्तक उघडून शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी पाहावी. ज्या पुस्तकावर एकामागून एक तारखा पडल्या आहेत ते लोकांना आवडलेले आहे, एवढे तरी समजते. त्याच्या जोडीला पानांची कड पाहावी. तारखाही भरपूर आणि कडही शेवटपर्यंत मळलेली, असे पुस्तक डोळे मिटून घरी न्यावे. कोणत्याही समीक्षकापेक्षा या दोन खुणांवर माझा भरवसा अधिक आहे.

ज्यांच्या गावात वाचनालय नाही किंवा आहे ते कुलूपबंद असते, त्यांनी फोनचा आधार घ्यावा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन सर्वांसाठी खुले होते, आणि अशी कितीतरी मराठी पुस्तके विकिस्रोतावर विनामूल्य मिळतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. बालभारतीने १९७१ पासून चालवलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही असेच मिळतात, आणि ते लेकरांसाठी आहेत म्हणून मोठ्यांनी टाळू नयेत. दीर्घकाळ न वाचलेल्या माणसाला पुन्हा सवय लागायला मोठी अक्षरे, चित्रे आणि चार पानांची गोष्ट याहून चांगले औषध नाही. फोनवर वाचताना मजकूर आधी उतरवून घ्यावा आणि मग नेट बंद करावे, नाहीतर तिसऱ्या ओळीला कोणाचा तरी निरोप येतो.

पुस्तक वेळेच्या जागी ठेवावे

ही पायरी थोडक्यात सांगतो, कारण ती सांगण्यापेक्षा करण्याची आहे. पुस्तक कपाटात ठेवले की ते कपाटातच राहते. रात्रीचे पुस्तक उशीशी ठेवावे आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा. दहा मिनिटांचे पुस्तक पिशवीत, डब्याशेजारी ठेवावे, मात्र प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, कारण वाचनालयाच्या पुस्तकावरचा भाजीच्या तेलाचा डाग कधीच निघत नाही. वीज जाण्याची वेळ ठाऊक असेल तर भारित केलेला छोटा दिवा हाताशी असावा.

एस. टी.त वाचणाऱ्यांनी मागच्या चाकावरचे आसन टाळून मधले घ्यावे, आणि मळमळू लागले तर पुस्तक लगेच बंद करून खिडकीबाहेर दूरवर पाहावे. रस्ता तसाच असेल तर वाचण्याचा नाद सोडून कानाला इअरफोन लावावेत आणि बोलते पुस्तक ऐकावे. आता मराठीत कथा-कादंबऱ्यांचे ध्वनिमुद्रण पुष्कळ उपलब्ध आहे. ऐकणे हे वाचणे नव्हे, असे काही जण म्हणतात. ज्या समाजाने शेकडो वर्षे पोथी, कीर्तन आणि भारूड ऐकून आपले वाङ्मय सांभाळले, त्याने तरी असे म्हणू नये.

नव्या प्रकाराकडे शेजारच्या दाराने जावे

आता या लेखातला अवघड भाग. आपल्याला एकच प्रकार आवडतो, बाकीचे जमत नाहीत, असे अनेक वाचक सांगतात. बहुतेक वेळा त्यांनी एकदम फार लांबची उडी मारलेली असते. शिवकालीन कादंबऱ्या वाचणाऱ्याने एके दिवशी ठरवून नवकवितेचा संग्रह घेतला, तर तो चार दिवसांत परत येणारच. त्यापेक्षा आपल्याला आवडणाऱ्या प्रकारातली नेमकी कोणती गोष्ट आवडते, ते शोधावे आणि तीच गोष्ट ज्याच्यात आहे असा शेजारचा प्रकार घ्यावा.

ऐतिहासिक कादंबरीत ज्यांना माणूस आवडतो, त्यांनी चरित्राकडे जावे. ज्यांना गड, वाटा, मुक्काम आवडतात, त्यांनी प्रवासवर्णनाकडे जावे. ज्यांना खरे काय घडले याची ओढ आहे, त्यांनी बखर आणि मग इतिहासाचे लेखन उघडावे. एकाच आवडीतून अशा तीन वाटा फुटतात, आणि आपली कोणती हे फक्त वाचणाऱ्यालाच कळते. टीव्हीवरच्या गुन्ह्याच्या मालिका पाहणाऱ्यांसाठी रहस्यकथा हा अगदी लागून असलेला प्रकार आहे. कोडे सुटण्याचा आनंद ज्यांना त्यात मिळतो, त्यांना विज्ञानकथाही आवडण्याची शक्यता मोठी असते. ज्यांचा दिवस शेतात जातो त्यांना पक्षी, झाडे आणि जंगलावरचे लेखन आपलेच वाटते, आणि त्यात लेखकाच्या चुका काढण्याचा एक वेगळाच आनंद असतो. कीर्तनाला नियमाने जाणाऱ्यांनी नाथांची भारुडे छापील पानावर वाचून पाहावीत. जे ऐकताना हसू येऊन निघून गेले, ते वाचताना थांबून पाहता येते.

विज्ञानकथेवरून एक गोष्ट आठवली. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्याच नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव घेतले होते, आणि त्या कथेला पहिले बक्षीस मिळाले. एवढा मोठा शास्त्रज्ञसुद्धा नव्या प्रकारात पाऊल टाकताना ओळख बाजूला ठेवून गेला. वाचकानेही तसेच करावे, असे मी सुचवतो. नव्या प्रकारातले पहिले पुस्तक कोणालाही न सांगता घ्यावे. आवडले नाही तर आपण कवितेचे नाहीच, असे जाहीर करण्याची वेळ येत नाही, आणि सहा महिन्यांनी दुसरा संग्रह घेऊन पाहण्याची वाट मोकळी राहते.

कवितेविषयी थोडे वेगळे सांगायला हवे, कारण आमच्या टेबलावरून सर्वांत कमी जाणारा प्रकार तोच आहे. शाळेत संदर्भासह स्पष्टीकरण लिहून लिहून कविता म्हणजे उत्तर देण्याची वस्तू आहे, असा समज घट्ट बसला आहे. तो काढण्यासाठी एकच उपाय मला लागू पडला. कविता बसून वाचू नये, उभे राहून मोठ्याने वाचावी, आणि एकदा वाचून झाल्यावर लगेच पुन्हा वाचावी. पहिल्या वेळी शब्द कळतात, दुसऱ्या वेळी चाल. अर्थ नाही लागला तर पान उलटावे. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बायांनी प्रत्येक ओवीचा अर्थ लावण्यासाठी दळण थांबवले नव्हते.

नाटक वाचायचे असेल तर एकट्याने वाचू नये. दोघांनी किंवा तिघांनी पात्रे वाटून घ्यावीत. नवरा-बायकोने भांडणाचा प्रवेश वाचला तर शेजारी डोकावतात, हा धोका पत्करावा.

सोडून देण्याचा नियम

पन्नास पाने किंवा तीन बैठका, यांपैकी जे आधी होईल तेवढी संधी पुस्तकाला द्यावी. तरीही जीव रमला नाही तर पुस्तक परत करावे. ताटात वाढलेले टाकू नये, हा संस्कार आपल्यात एवढा खोल आहे की नावडते पुस्तकसुद्धा लोक आठवडेच्या आठवडे उशाशी ठेवतात, वाचत नाहीत आणि ते संपेपर्यंत दुसरे घेतही नाहीत. वाचन बंद पडण्याचे हे मी पाहिलेले सर्वांत मोठे कारण आहे. ग्रंथपालाला वाईट वाटेल अशी भीती बाळगू नये. आवडले नाही, एवढे सांगितले तरी पुरे, उलट का आवडले नाही ते सांगितले तर पुढचे पुस्तक काढून देणे आम्हाला सोपे जाते.

याला एक अपवाद करावा. जे पुस्तक चांगले आहे हे जाणवते पण आत्ता झेपत नाही, त्याचे नाव, थांबलेला पान क्रमांक आणि तारीख वहीत लिहून ठेवावी. माझ्या वहीत असे एक पुस्तक चार वर्षे होते. पाचव्या वर्षी, उन्हाळ्यात पाय मोडून घरी पडलो असताना, ते सहा दिवसांत संपले.

वही एवढ्यासाठीच ठेवावी. त्यात परीक्षण लिहू नये, गुण देऊ नयेत, वर्षाला अमुक पुस्तके असा संकल्पही करू नये, कारण संकल्प केला की लोक पातळ पुस्तके शोधू लागतात. नाव, तारीख, पान आणि एखादी लक्षात राहिलेली गोष्ट, इतके पुरते.

पहिल्या महिन्यासाठी मी नव्या सभासदाला दोन पुस्तके देतो, एका वेळी दोन देण्याची सोय असेल तर. एक कथासंग्रह, रात्रीच्या अर्ध्या तासासाठी, आणि एक काहीतरी लहान, पिशवीत मावणारे, जे त्याने स्वतःहून कधी मागितले नसते. सातशे पानांची कादंबरी अर्धवट सोडून परत आणणाऱ्यांपैकी एक गृहस्थ मागच्या आठवड्यात आले होते. त्यांनी पक्ष्यांवरचे पातळसे पुस्तक टेबलावर ठेवले आणि त्यातल्या एका पानावर बोट ठेवून म्हणाले, "सर, हे टिटवीचं चुकीचं लिहिलंय. आमच्या वावरात ती असं करत नाही." मी पुस्तकाची कड पाहिली. शेवटच्या पानापर्यंत मळलेली होती.